दीपगृहातले पाहुणे

दिवाळीचे चार दिवस आपण दारात पणत्या लावतो, आकाशकंदील टांगतो. त्या उजेडाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. या, आमचे दार उघडे आहे, असे तो उजेड सांगत असतो. पण जगात असाही एक दिवा आहे की जो रात्रभर याच्या नेमके उलट सांगत असतो. येथे येऊ नका, येथे खडक आहे, लांबून जा, असे त्याचे बोलणे. तो दिवा दीपगृहाचा. तो लावणाऱ्या माणसाचे सारे यश पाहुणा न येण्यात असते. आणि एखाद्या रात्री पाहुणा आलाच, तर तो फुटक्या गलबताच्या फळीवरूनच यायचा.

अशाच एका दीपगृहात आलेल्या पाहुण्यांची ही हकीगत आहे. मी इतिहासकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या हकीगतीशी माझी ओळख झाली ती आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या एका जुन्या इंग्रजी क्रमिक पुस्तकात. पुस्तकाला वाळवी लागली होती, पण एक चित्र शाबूत होते. खवळलेला समुद्र, त्यात एक इवलीशी होडी, आणि होडीत वल्ही धरून बसलेली एक मुलगी. तिचे केस वाऱ्यावर उडत होते. खाली नाव होते, ग्रेस डार्लिंग. पुढे मास्तर झाल्यावर ही गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली, याची गणती नाही. वादळ, फुटलेली बोट, मुलीचे धाडस, वाचलेले जीव. आणि मग फळ्यावर तात्पर्य.

एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, “गुरुजी, मग पुढं काय झालं तिचं?” मला उत्तर देता येईना. पुस्तकातला धडा तेथेच संपत होता. “पुढे तिला बक्षीस मिळाले,” असे काहीतरी पुटपुटून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न पाठ सोडीना. मग तालुक्याच्या वाचनालयातून आणि मुंबईच्या एका स्नेह्याने धाडलेल्या पुस्तकांतून मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा कळले की मी आजवर सांगत होतो ती गोष्ट अर्धीच होती.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर नॉर्थंबरलंड परगणा आहे. तेथे बँबरोचा किल्ला समुद्राकडे तोंड करून उभा आहे. त्याच्या समोर पाण्यात काळ्या खडकांचा एक पुंजका विखुरलेला दिसतो. तीच फार्न बेटे. भरतीला त्यातली काही बेटे बुडतात, ओहोटीला पुन्हा डोके वर काढतात. वस्ती म्हणावी तर समुद्रपक्ष्यांची आणि सीलांची. एकांत हवा असलेल्या माणसाला याहून चांगली जागा सापडणार नाही. सातव्या शतकात कथबर्ट नावाचा एक साधू यांतल्याच एका बेटावर एकटा राहायला गेला. पण एकांताची कीर्ती झाली की तो एकांत राहत नाही. लोक होड्या करून त्याच्या दर्शनाला येऊ लागले. शेवटी नॉर्थंब्रियाचा राजा एगफ्रिथ स्वतः बेटावर आला आणि ‘बिशप व्हा’ म्हणून त्याला गळ घालून घेऊन गेला. कथबर्टने ते पद थोडा काळ सांभाळले आणि मरायला पुन्हा त्याच बेटावर परतला. ते साल होते 687. या बेटांचा हा जुना इतिहास लक्षात ठेवावा. पुढे त्याची आठवण येणार आहे.

या बेटांवरच्या दिव्याची राखण डार्लिंग घराण्याकडे होती. ग्रेसचा आजा रॉबर्ट ब्राउन्समन नावाच्या बेटावर दिवा सांभाळी. त्याच्यामागे 1815 मध्ये ते काम तिच्या बापाकडे, विल्यम डार्लिंगकडे आले. त्याच साली 24 नोव्हेंबरला ग्रेसचा जन्म झाला. नऊ भावंडांतली ती सातवी. ब्राउन्समनवर निदान थोडी माती होती, परसात भाजीपाला होई. पण तेथला दिवा गलबतांना पुरेसा उपयोगी पडेना, म्हणून बाहेरच्या बाजूला लाँगस्टोन नावाच्या उघड्याबोडक्या खडकावर नवा मनोरा बांधला गेला. 1826 च्या फेब्रुवारीत तेथला दिवा प्रथम लागला. डार्लिंग मंडळी तेथे राहायला गेली तेव्हा ग्रेस दहा वर्षांची होती. त्या खडकावर गवताची काडीदेखील उगवत नसे. भाजीसाठी होडी वल्हवत जुन्या बेटावरच्या परसात जावे लागे.

दीपगृहातले जीवन म्हणजे स्वस्थ बसून लाटा मोजणे, अशी आपली समजूत असते. ती खोटी आहे. तेल भरायचे, वाती कातरायच्या, दिव्यामागची परावर्तक पात्रे आरशासारखी घासायची, यंत्राला किल्ली द्यायची. आणि हे सारे रात्री पाळीपाळीने जागून. विल्यम शिस्तीचा आणि धर्मशील माणूस होता. मुलांना त्याने घरीच लिहायला-वाचायला शिकवले. तो रोजनिशी लिही. वारा कोठला, गलबत कोणते, मासे किती, एवढेच तिच्यात. ग्रेसने पुढे एका पत्रात लिहिले आहे की, कोणी अंमलदार कधीही तपासायला आला तरी डाग दिसू नये अशा सात खोल्या मला स्वच्छ ठेवायच्या असतात, हात कधी रिकामे नसतात. एकाकीपणाची तक्रार मला तिच्याविषयीच्या वाचनात आढळली नाही. मनोऱ्यात वरच्या बाजूला तिची लहानशी खोली होती आणि खोलीला समुद्राकडची खिडकी होती.

1838 च्या सप्टेंबरातल्या पहिल्या आठवड्यात ‘फोरफरशायर’ नावाची चाकांची आगबोट हल बंदरातून डंडीला निघाली. उतारू आणि खलाशी मिळून साठाच्या आसपास माणसे होती. वाटेत बॉयलर गळू लागले. 6 तारखेला संध्याकाळनंतर स्कॉटलंडच्या किनाऱ्यापाशी यंत्र साफ बंद पडले. उत्तरेकडून वादळ सुटले होते. कप्तान हंबलने शिडे उभारली आणि बोट वाऱ्याबरोबर पुन्हा दक्षिणेला येऊ दिली. बेटे आणि किनारा यांच्यामधल्या खाडीत शिरून आसरा घ्यावा, हा त्याचा बेत. पावसाच्या सरींतून एक दिवा दिसला. तो आतल्या बेटावरचा असे त्याने धरले. होता तो लाँगस्टोनचा. दूर राहा म्हणून सांगणाऱ्या दिव्याचे बोलणे असे उलटे ऐकले गेले! 7 तारखेच्या पहाटे चारच्या सुमाराला बोट बिग हारकार नावाच्या खडकावर आपटली. थोड्याच वेळात तिचे दोन तुकडे झाले. मागचा भाग, त्यात झोपलेल्या माणसांसकट, प्रवाहाने ओढून नेला. नऊ जण एका पडावात उडी टाकून निसटले. त्यांना दुसऱ्या एका गलबताने उचलले. काही जण खडकाला चिकटून राहिले. बाकीचे गेले.

त्या रात्री दीपगृहात तिघेच होते. विल्यम, त्याची म्हातारी होत चाललेली बायको थॉमसिन आणि बावीस वर्षांची ग्रेस. धाकटा भाऊ मासेमारीसाठी किनाऱ्यावर गेला होता. पावणेपाचच्या सुमाराला ग्रेसला खडकावर काहीतरी काळे पडलेले दिसले. बापाला तिने सांगितले. दोघे दुर्बीण लावून बसले, पण अंधार आणि फवारे यांमुळे माणूस म्हणून दिसेना. सात वाजता ओहोटीने पाणी उतरले तेव्हा तीन-चार आकृत्या हलताना दिसल्या.

आता क्रमिक पुस्तकात काय आहे पाहा. मुलीला वादळातून किंकाळ्या ऐकू येतात, बाप कचरतो, आई रडते, मुलगी हट्टाने बापाला होडीत बसवते. मीही वर्गात असेच सांगत असे, आणि किंकाळीच्या जागी आवाज चढवीत असे. पण विल्यमने नोव्हेंबरात वरिष्ठांना, म्हणजे ट्रिनिटी हाउसला, लिहिलेल्या पत्रात किंकाळी नाही, रडणे नाही आणि हट्टही नाही. तेथे दोघांनी मिळून केलेला हिशेब आहे. आपण दोघे तेथवर पोचू शकू. उलट प्रवाहातून परत येणे मात्र दोघांच्या हातांना झेपणार नाही. पण त्या माणसांत एखाद-दुसरा वल्हे मारण्याइतका धडधाकट असला, तर येता येईल. वाचकहो, हा हिशेब नीट ध्यानात घ्या. ज्यांना वाचवायला जायचे त्यांच्याच हातांच्या भरवशावर परत यायचे! ते गलितगात्र निघाले असते, तर खडकावरच्या मेलेल्यांत आणखी दोघांची भर पडली असती. पुस्तकातल्या हट्टापेक्षा हा थंड डोक्याचा हिशेब मला फार मोठा वाटतो.

होडी होती ‘कोबल’ जातीची, एकवीस फुटी, तीन पुरुषांनी चालवायची. आईने ती पाण्यात लोटायला हात दिला. सरळ गेले तर लाटा उलथवतील, म्हणून बेटांच्या आडोशाने वळसा घेत दोघे सुमारे एक मैल गेले. खडकापाशी आल्यावर विल्यमने वर उडी मारली. आता होडीत ग्रेस एकटी. जवळ राहावे तर लाट होडी खडकावर आपटून फोडील, दूर जावे तर बापाला परत येता येणार नाही. दोन्ही वल्ही धरून तिने ती होडी मागेपुढे खेळवत ठेवली. चित्रकारांनी पुढे असंख्य वेळा रंगवले ते धाडस हेच. पण चित्रात मुलगी पुढे झेपावत असते. प्रत्यक्षात तिचे काम होते जागच्या जागी टिकून राहण्याचे.

खडकावर नऊ जण जिवंत होते. त्यांत डॉसन नावाची एक बाई होती. तिच्या दोन्ही मुलांना तिने रात्रभर छातीशी धरले होते. दोन्ही मुले मेली होती. पहिल्या खेपेला ती बाई आणि चार पुरुष आले. हिशेब बरोबर ठरला, त्यांतले काही वल्हे मारू शकले. ग्रेस आईबरोबर दीपगृहात थांबली आणि विल्यम सुटका झालेल्या दोघा खलाशांना घेऊन उरलेल्या चौघांसाठी पुन्हा गेला. नऊ वाजेपर्यंत सारे दीपगृहात पोचले होते.

इतक्यात आणखी पाहुणे आले. नॉर्थ संदरलंडच्या बंदरातून सात कोळी त्याच वादळात सुमारे पाच मैल होडी वल्हवत आले होते. त्यांत ग्रेसचा भाऊही होता. खडकावर त्यांना फक्त प्रेते सापडली. परत जाणे अशक्य, म्हणून तेही लाँगस्टोनला आले. तीन माणसांच्या घरात आता एकोणीस माणसे झाली. वादळ ओसरेना. ते पाहुणे रविवारपर्यंत राहिले. कोळी मनोरा बांधणाऱ्या गवंड्यांच्या पडक्या खोपटात निजले. घरातली भाकरी, कोरडे कपडे, अंथरुणे सगळ्यांना पुरवताना त्या मायलेकींचे काय झाले असेल, हे दिवाळीत एकदम माहेरवाशिणी आणि जावई आले म्हणजे काय होते हे जाणणाऱ्या आयाबहिणींनीच ओळखावे. आणि त्या गर्दीत कोपऱ्यात एक बाई, जिची मुले खडकावर राहिली होती.

विल्यमने आपल्या रोजनिशीत या साऱ्याची नोंद केली. बोटीचे नाव, तिचे वजन, बॉयलरची गळती. आणि नऊ जणांना डार्लिंग मंडळींनी वाचवले, एवढेच. मुलीचे नावसुद्धा त्याने वेगळे लिहिले नाही. त्याच्या दृष्टीने हकीगत येथे संपली होती. माझ्या क्रमिक पुस्तकाच्या दृष्टीनेही.

खरे पाहुणे यानंतर आले.

वर्तमानपत्रांनी आधी गळक्या बॉयलरांवर रकाने भरले. मग कोणाला तरी कळले की वल्ह्यावर एक मुलगी होती. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा एकोणीस वर्षांची व्हिक्टोरिया राणी नुकतीच बसली होती. तरुण मुलीच्या शौर्याची गोष्ट ऐकायला सारा देश आतुर होता. पाहता पाहता ग्रेसचे नाव घरोघर झाले. जनतेने वर्गणी केली ती सातशे पौंडांवर गेली. त्यात राणीचे पन्नास पौंड होते. बापलेकींना रौप्यपदके मिळाली. येथवर ठीक होते. पण मग होड्या येऊ लागल्या. डझनाहून अधिक चित्रकार एकामागून एक त्या खडकावर उतरले. वाती कातरायच्या सोडून बापलेक त्यांच्यापुढे बसून राहू लागली. बघ्यांच्या होड्या भरभरून येत. टपालातून पत्रांचे गठ्ठे येत. कोणाला सही हवी, कोणाला त्या दिवशीच्या कपड्याचा तुकडा, कोणाला केसांची बट. लग्नाच्या मागण्याही आल्या. लंडनच्या रंगभूमीवर त्या प्रसंगाचे नाटक उभे राहिले. एडिंबरोतल्या एका सर्कसवाल्याने तिच्यासाठी पैसे जमवून धाडले. तिने सौजन्याने आभार मानताच, ती आता सर्कशीत दर्शन देणार असा बोभाटा झाला.

सात खोल्या स्वच्छ ठेवणारी ती मुलगी प्रत्येक पत्राला उत्तर देऊ पाही. नाही म्हणायची तिला सवय नव्हती. तिच्या खडकावर आजवर कोणी मागायला आलेच नव्हते! शेवटी नॉर्थंबरलंडच्या ड्यूकने मध्ये पडून तिचे पालकत्व घेतले, पैशांचा विश्वस्तनिधी केला आणि कोणाला काय उत्तर द्यावे याचा सल्ला दिला. तिकडे किनाऱ्यावरच्या कोळ्यांत वेगळीच कुजबुज होती. आम्ही सात जण पाच मैल वल्हवत आलो, आमची नावे कोणी छापली? त्यांचेही चूक म्हणता येत नाही. ज्या लोकांत तिच्या भावाची उठबस, त्यांच्याच डोळ्यांत ती सलू लागली. समुद्रात एकटी होडी सांभाळणारीला हे वादळ मात्र सांभाळता आले नाही.

1842 च्या वसंतात ती कोकेट बेटावरच्या दीपगृहात भावाकडे गेली होती. तेथे तिला थंडी बाधली आणि खोकला बळावला. हवापालटासाठी गावे बदलली. ड्यूकच्या घराण्याने आपला वैद्य दिला. पण तो क्षय होता. शेवटी तिला बँबरोला आणले आणि 20 ऑक्टोबर 1842 रोजी बापाच्या मिठीत तिने प्राण सोडला. वय सव्वीस. त्या रात्रीला चार वर्षे आणि काही दिवस झाले होते. कीर्तीने तिला मारले, असे मी म्हणणार नाही. क्षयाने त्या काळी नावाजलेली आणि अनाम माणसे सारखीच मरत. पण त्या चार वर्षांत लोकांनी तिला स्वस्थता मिळू दिली नाही, एवढे खरे. बँबरोच्या चर्चच्या आवारात तिचे स्मारक समुद्रावरून जाणाऱ्या गलबतांना दिसेल असे उभारले आहे. विल्यम 1860 पर्यंत दिवा लावत राहिला आणि 1865 मध्ये गेला. ती कोबल होडी आज बँबरोच्या संग्रहालयात आहे. लाँगस्टोनचा दिवा 1990 पासून आपोआप लागतो. त्या खिडकीत आता कोणी राहत नाही.

आता हे सारे मी का लिहितो आहे, ते सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका मुलाने पुराच्या पाण्यातून दोन लहान पोरांना ओढून काढले. अबोल मुलगा, शेवटच्या बाकावर बसणारा. सत्काराची कल्पना माझी. आधी शाळेत, मग ग्रामपंचायतीत, मग आसपासच्या गावांत. प्रत्येक व्यासपीठावर मी त्याला उभा करी आणि म्हणे, “सांग बाळ, कसं झालं ते.” तो सांगे. चौथ्या-पाचव्या वेळी मला जाणवले की तो माझीच वाक्ये बोलतो आहे. किंकाळीच्या जागी आवाजही चढवतो आहे. पोरे त्याला ‘हिरो’ म्हणून चिडवू लागली. त्या वर्षी तो नापास झाला, आणि त्याची आई मला म्हणाली, “गुरुजी, आता पुरे करा. पोरगं नदीकडं जातच नाही.” मी वरमलो, पण त्याच्यावर शेवटचा सत्कार झाल्यावरच थांबलो, हेही कबूल केले पाहिजे.

त्या सातवीतल्या मुलीचा प्रश्न मला इतका का झोंबला, ते पुढचे वाचताना कळले. चित्रकारांच्या होड्यांतून लाँगस्टोनला उतरणाऱ्या त्या गर्दीत मला माझाच चेहरा दिसला. वाईट हेतूने कोणी आले नव्हते. सगळे कौतुक करायलाच आले होते.

आता वर्गात ती गोष्ट मी शेवटपर्यंत सांगतो. हिशेब सांगतो, एकोणीस माणसांची सोय सांगतो, सात कोळ्यांची नावनिशाणी न राहिलेली खेप सांगतो, आणि केसांच्या बटा मागणारी पत्रेही सांगतो. तात्पर्य फळ्यावर लिहीत नाही.

तो मुलगा आता मोठा झाला आहे, तालुक्याला कामाला आहे. गेल्या पाडव्याला तो अचानक आमच्या दारात उभा राहिला. पणत्यांच्या उजेडात मला तो आधी ओळखूच आला नाही. वाकून नमस्कार केला, ओटीवर बसला. घरच्यांनी फराळाचे ताट आणून ठेवले. चकली मोडत त्याने कामाचे, खोलीच्या भाड्याचे, धाकट्या बहिणीच्या शाळेचे सांगितले. मी ऐकत बसलो. नदीची गोष्ट त्याने काढली नाही, मीही काढली नाही. निघताना तो म्हणाला, “येतो गुरुजी. पुन्हा येईन.” मी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलो.